सोयाबीनचं ‘ई’ कुठे जातं?

मागच्या महिन्यात याच सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते: सोयाबीनच्या तेलात सूर्यफुलाच्या तेलापेक्षा टोकोफेरॉल जास्त असतं, तरी ई जीवनसत्त्व मात्र सूर्यफुलात जास्त. छापखान्याची चूक समजून काहींनी दुरुस्ती कळवली, काहींनी मला रसायनशास्त्र पुन्हा वाचायला सांगितलं. चूक नव्हती. त्या पत्रांतले आणि त्यांच्या आगेमागे आलेले काही प्रश्न आज घेते.

टोकोफेरॉल म्हणजेच ई जीवनसत्त्व असं आम्ही वर्गात शिकवतो. मग टोकोफेरॉल जास्त आणि ‘ई’ कमी, हे कसं काय? (गृहविज्ञानाच्या एक शिक्षिका, सांगली)

बाई, वर्गात शिकवता ते अर्धं खरं आहे. टोकोफेरॉल चार प्रकारचं असतं: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. त्यांची चार चुलत भावंडं टोकोट्रायनॉल या नावाने असतात, ती तूर्त बाजूला ठेवू. चौघांचं डोकं म्हणजे एक कडं, आणि त्याला लांब तेलकट शेपूट. फरक असतो तो कड्यावर किती मेथिल बसलेत एवढाच. मेथिल म्हणजे एक कार्बन आणि त्याला तीन हायड्रोजन. डेल्टावर एक मेथिल, बीटा आणि गॅमावर दोन-दोन (पण वेगळ्या जागी), अल्फावर तीन. गॅमा आणि अल्फाच्या रेणुभारात १४चा फरक आहे, ४१६ आणि ४३०.

आपल्या आतड्याला हा फरक कळतच नाही, ते चौघांनाही सारखंच शोषून घेतं. कळतो तो यकृताला. तिथे अल्फा-टोकोफेरॉल वाहून नेणारं एक प्रथिन असतं, आणि ते आपण तांदूळ निवडतो तसं निवडायला बसतं. अल्फाशी त्याची जवळीक १०० धरली तर बीटाशी ३८, गॅमाशी ९ आणि डेल्टाशी २. निवडलेला अल्फा रक्तात परत पाठवला जातो. बाकीच्यांची शेपूट कापली जाते आणि उरलेला तुकडा लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून १०० ग्रॅम सोयाबीन तेलात साधारण ६४ मिलिग्रॅम गॅमा असलं तरी हिशेबात धरतात ते त्यातलं ८ मिलिग्रॅम अल्फा. सूर्यफुलाच्या तेलात अल्फा ४१च्या आसपास असतं आणि गॅमा जवळजवळ नसतंच.

हे निवडणारं प्रथिन किती महत्त्वाचं आहे ते त्याच्या जनुकात दोष असलेल्या माणसांत दिसतं. उत्तर आफ्रिकेत, विशेषतः ट्युनिशियात, अशी कुटुंबं आढळली. जेवण नीट, पचन नीट, पण रक्तात ‘ई’ टिकतच नाही. हळूहळू चालताना तोल जायला लागतो, हातापायांची जाणीव कमी होते. मोठ्या मात्रेत अल्फा देत राहिलं तर आजार रोखता येतो.

तेव्हा मुलींना एवढं जरूर सांगा की ‘ई’ला जीवनसत्त्व ठरवणारं आपलं यकृत आहे. १९२२ साली बर्कलीत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी ते शोधलं, तेव्हाही उंदरांच्या माद्यांना पिल्लं होतात की गर्भ पोटातच जिरतो, यावरूनच. टोकोफेरॉल हे नावही त्याच गोष्टीवरून पडलेलं आहे, ग्रीक भाषेत ‘टोकोस’ म्हणजे बाळंतपण.

झाडात टोकोफेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमांपैकी व्हीटीई-३ आणि व्हीटीई-४ दोन्ही मेथिलट्रान्सफरेज, म्हणजे मेथिल लावणारे, आहेत. मग तिसरा मेथिल लावणारा एन्झाइम कोणता? आमच्या नोट्समध्ये तो सापडत नाही. (एम.एस्सी. कृषीची विद्यार्थिनी, राहुरी)

तो नाहीच, म्हणून सापडत नाही. या प्रश्नाने मला फार आनंद झाला. अनेक वर्षं मी परीक्षेत ‘अल्फा-टोकोफेरॉलवरचे तीन मेथिल कुठून येतात’ हा दोन मार्कांचा प्रश्न घालायचे, आणि ‘तिन्ही एस-अॅडेनोसिल मेथिओनिनकडून’ (हा पेशीतला मेथिल पुरवणारा रेणू) असं लिहिणाऱ्याचा एक मार्क कापायचे.

सुरुवातीपासून बघू. डोकं येतं टायरोसिन या अमिनो आम्लापासून. त्याचं होमोजेन्टिसिक आम्ल होतं. शेपूट म्हणजे फायटिल, आणि ते बरंचसं हरितद्रव्य मोडल्यावर सुटणाऱ्या फायटॉलपासून येतं. पान पिकून पिवळं पडतं तेव्हा त्यात टोकोफेरॉल वाढतं, ते यामुळेच. व्हीटीई-२ हा एन्झाइम डोकं आणि शेपूट जोडतो. जोडताना होमोजेन्टिसिक आम्लाच्या बाजूच्या साखळीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि साखळीचा जो तुकडा कड्यावर उरतो तोच पहिला मेथिल. तो कुणी आणून लावलेला नाही, टायरोसिनच्या मोडतोडीतून उरलाय.

दुसरा लावतो व्हीटीई-३. इथे मेथिल देणारं खरंच एस-अॅडेनोसिल मेथिओनिन, म्हणजे तुमच्या नोट्समधलं ‘सॅम’. मग व्हीटीई-१ हा सायक्लेज शेपटीजवळचं दुसरं कडं मिटवतो आणि गॅमा तयार होतो. शेवटी व्हीटीई-४, ज्याला जुन्या पुस्तकांत गॅमा-टोकोफेरॉल मेथिलट्रान्सफरेज म्हणतात, तिसरा मेथिल लावतो. झाला अल्फा. एखाद्या रेणूला व्हीटीई-३चा हात लागलाच नाही आणि कडं तसंच मिटलं, तर डेल्टा होतो. त्या डेल्टावर व्हीटीई-४ने काम केलं की बीटा. म्हणजे चार प्रकार दिसले तरी प्रश्न दोनच: व्हीटीई-३ आधी भेटला की नाही, आणि व्हीटीई-४ नंतर भेटला की नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर विभागातल्या एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, अर्धा दिवस मागून घे. सिलिकाचा कॉलम, हेक्झेनमध्ये थोडंसं आयसोप्रोपॅनॉल आणि फ्लोरेसन्स डिटेक्टर. (सी-१८ कॉलम लावू नकोस, त्यात बीटा आणि गॅमा एकावर एक बसतात. एका विद्यार्थ्याचे तीन महिने त्यात गेलेले मी पाहिलेत.) सिलिकावर अल्फा सगळ्यांत आधी बाहेर येतो, कारण मेथिलांच्या गर्दीत त्याचा हायड्रॉक्सिल झाकलेला असतो आणि सिलिकाला नीट चिकटत नाही. मग बीटा, गॅमा, शेवटी डेल्टा. सोयाबीनच्या पानाचा अर्क सोड, अल्फाचं एकच उंच शिखर दिसेल. त्याच झाडाच्या दाण्याचं तेल सोड, अल्फाचं बुटकं टेकाड आणि पुढे गॅमाचा डोंगर. झाड तेच, जनुकं तीच. दाण्यात व्हीटीई-४चं काम मंद चालतं, एवढाच फरक.

व्हीटीई-४ जास्त केला की ई जीवनसत्त्व नऊपट वाढतं असं वाचलं. मग एकूण टोकोफेरॉलही नऊपट होतं का? (त्याच वर्गातला तिचा मित्र)

नाही. १९९८ साली डेव्हिड शिंतानी आणि डीन डेलापेना यांनी व्हीटीई-४चं जनुक आधी सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियात आणि मग अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात शोधलं, आणि अरॅबिडॉप्सिसच्या बियांत ते जोराने चालवलं. या बियांत जवळजवळ सगळं गॅमाच असतं, ते अल्फा झालं. एकूण टोकोफेरॉल होतं तेवढंच राहिलं. गॅमाची जीवनसत्त्व म्हणून किंमत अल्फाच्या दहाव्या हिश्शाएवढी धरली, तर सगळा गॅमा अल्फा झाल्यावर आकडा नऊपटीच्या घरात जाणारच. सुट्टे पैसे देऊन नोटा घेतल्या तर पाकीट जड होत नाही. इथे मात्र खर्चायला किंमतच वाढली. एकूण माल वाढवायचा तर मागे जावं लागतं, व्हीटीई-२ आणि होमोजेन्टिसिक आम्लाच्या पुरवठ्याकडे.

सोयाबीनला मात्र नुसता व्हीटीई-४ पुरत नाही, आणि मला या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सर्वांत आवडतो. सोयाबीनच्या दाण्यात डेल्टाही बराच असतो. एकटा व्हीटीई-४ वाढवला की गॅमाचा अल्फा होतो खरा, पण डेल्टाचा बीटा होऊन बसतो. म्हणून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दोन्ही मेथिलट्रान्सफरेज एकत्र घातले. आधी व्हीटीई-३ने डेल्टाची वाट बंद केली, मग व्हीटीई-४ने उरलेलं काम केलं. ज्या दाण्यात एरवी १० टक्क्यांच्या आसपास अल्फा असतो, त्यात तो ९५ टक्क्यांवर गेला.

मॅडम, राम राम. मक्यात टेम्बोट्रायोन हे तणनाशक मारलं. आठ दिवसांत गवत चुन्यासारखं पांढरं झालं. दुकानदार म्हणाला हे औषध गवताचं व्हिटॅमिन तोडतं. मग मक्याच्या दाण्यातलं व्हिटॅमिन पण जातं का? (शेतकरी, सिल्लोड)

राम राम. तुमच्या दुकानदाराचा नेम अगदी जवळ पडलाय. वर राहुरीच्या मुलीला सांगितलं की टायरोसिनचं होमोजेन्टिसिक आम्ल होतं. ते करणारा एन्झाइम टेम्बोट्रायोन अडवतं. टोप्रामेझोन या दुसऱ्या तणनाशकाचंही तेच. त्यामुळे गवताचं ‘ई’ थांबतं हे खरं, पण गवत मरतं ते त्यामुळे नाही. त्याच आम्लापासून प्लास्टोक्विनोन नावाचा दुसरा पदार्थ होतो, आणि त्याच्यावाचून पानातली पिवळी-केशरी रंगद्रव्यं तयार होत नाहीत. ती रंगद्रव्यं म्हणजे हरितद्रव्याची छत्री. छत्री गेली की ऊन हरितद्रव्य जाळून टाकतं. म्हणून शेंड्याची नवी पानं आधी पांढरी पडतात, जुनी काही दिवस हिरवी राहतात. नीट पाहिलंत तर तुमच्याही लक्षात आलं असेल.

योगायोग असा की प्लास्टोक्विनोनला मेथिल लावतो तोही व्हीटीई-३च. म्हणून व्हीटीई-४ बंद पडलेलं झाड गॅमावर निवांत जगतं, पण व्हीटीई-३ पूर्ण बंद पडलं तर रोपटं रोपावस्थेतच मरतं.

मका वाचतो कारण तो हे औषध झपाट्याने मोडतो. तुम्ही फवारता वीस-पंचवीस दिवसांच्या पिकावर. दाणा भरायला लागतो तोवर औषध कधीच मोडलेलं असतं. दाण्याची काळजी नको. पण मधुमका लावणार असाल तर लेबल वाचल्याशिवाय फवारू नका. त्यातल्या काही वाणांना हे औषध मोडता येत नाही आणि मग गवताबरोबर पीकही पांढरं होतं.

तुमच्या मक्याबद्दल आणखी एक. मक्याच्या दाण्यातही गॅमाच जास्त असतो. पण काही वाणांत व्हीटीई-४ जनुकाच्या सुरुवातीच्या भागात डीएनएच्या ११८ अक्षरांचा एक आणि ७ अक्षरांचा दुसरा तुकडा नसतो, आणि त्यांच्यात अल्फा जास्त बनतो. कुणी काही घातलेलं नाही, मक्यातच निसर्गतः सापडलेला फरक आहे हा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या पैदासकारांनी तो साध्या संकराने, डीएनएच्या खुणा बघत, आपल्याकडच्या मक्यात आणलाय.

ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलवर ‘नॅचरल डी-अल्फा’ लिहिलेलं आहे आणि किंमत दुप्पट. औषधाच्या दुकानातल्या हिरव्या कॅप्सूलमध्ये काय वाईट आहे? (सॉफ्टवेअरमधले एक वाचक, पुणे)

कारखान्यात अल्फा-टोकोफेरॉल बनवतात ते ट्रायमेथिल हायड्रोक्विनोन आणि आयसोफायटॉल जोडून. नावातच दिसतंय की तिन्ही मेथिल आधीपासून लावलेले आहेत, मेथिलट्रान्सफरेजची भानगड नाही. अडचण शेपटीची. झाडाचे एन्झाइम शेपटीचे तीनही सांधे एकाच दिशेला वळवतात. कारखान्यात ते कसेही वळतात. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ प्रकार. त्यातला एकच झाडासारखा, आणि आठातले चारच यकृत सांभाळून ठेवतं. म्हणून लेबलवर ‘डीएल’ (कारखान्यातलं मिश्रण) असेल तर एका आययूमागे (आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक) ०.४५ मिलिग्रॅम धरतात, ‘डी’ (झाडासारखं) असेल तर ०.६७.

आता ‘नॅचरल’ची गंमत. तो माल बहुतेक सोयाबीन तेलाच्या रिफायनरीतून येतो. तेलाचा वास घालवायला ते २०० अंशांवर तापवून त्यातून वाफ सोडतात, तेव्हा टोकोफेरॉलही उडून गाळात जमा होतं. पण सोयाबीन म्हणजे गॅमा आणि डेल्टा! मग कारखान्यातच फॉर्माल्डिहाइडसारख्या साध्या पदार्थातून कार्बन आणून कड्यावर उरलेले मेथिल चढवतात. शेपटीला हात लागत नाही म्हणून ‘डी’ हे अक्षर खरं राहतं. म्हणजे तुम्ही दुप्पट पैसे मोजता त्या नैसर्गिक कॅप्सूलमध्ये शेवटचा मेथिल बरेचदा केमिकल इंजिनिअरने लावलेला असतो. मला यात वाईट काही वाटत नाही, फक्त बाटलीवरच्या हिरव्या पानाचं हसू येतं.

किमतीपेक्षा मला मात्रेची काळजी जास्त. अमेरिकेत मोठ्या माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम पुरेसं मानतात. ४०० आययूच्या कॅप्सूल रोज घेण्याचं कारण डॉक्टरांनी दिलेलं नसेल तर मी तरी घेणार नाही. अमेरिका-कॅनडात ३५,०००हून जास्त पुरुषांवर झालेल्या सिलेक्ट या चाचणीत रोज ४०० आययू घेणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. तो निष्कर्ष २०११ सालचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ही कॅप्सूल विचारल्याशिवाय अजिबात नको.

डॉक्टरांनी मेथिलकोबालामिन दिलंय. त्याने शरीरात मेथिल वाढून गॅमाचा अल्फा होईल का? (डोंबिवली)

नाही. आपल्या शरीरात व्हीटीई-४ नाही आणि तो कुठल्याच प्राण्यात नाही. आपल्याकडे शेकडो मेथिलट्रान्सफरेज आहेत, डीएनएवर, प्रथिनांवर मेथिल लावणारे, पण टोकोफेरॉलच्या कड्याला हात लावणारा एकही नाही. गोळी बी-१२साठी दिली आहे, तेच तिचं काम.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करडईचं तेल. मुलं आता सोयाबीन आणतात. कोणतं घ्यावं? (सोलापूर)

‘ई’ एवढाच निकष असेल तर तुमची आजी जिंकली. करडईच्या बीत व्हीटीई-४ मनापासून काम करतो, टोकोफेरॉल जवळजवळ सगळं अल्फा. १०० ग्रॅम तेलात ३४ मिलिग्रॅमच्या आसपास. कारळ्याचंही तसंच, नव्वद टक्क्यांहून जास्त अल्फा, त्यामुळे भाकरीबरोबरच्या कारळ्याच्या चटणीला मी कधी नाही म्हणत नाही. शेंगदाणा मधला. तीळ आणि जवस गॅमाच्या बाजूचे. खोबरेल तेलात यातलं जवळपास काहीच नाही.

पण म्हणून सोयाबीन टाकाऊ ठरत नाही. तेल खवट होण्यापासून वाचवायला गॅमा चांगलाच कामाचा आहे, आणि बी त्यासाठीच तो साठवते. टोकोफेरॉलच न बनवू शकणारं अरॅबिडॉप्सिसचं बी साठवणीत लवकर मरतं, आणि उगवलंच तर त्यातली चरबी भराभर खराब होते. झाडाने आपल्या यकृताचा विचार करून बी बनवलेलं नाही. मुलांशी तेलावरून भांडू नका, एक महिना हे, एक महिना ते आणा.

नात म्हणते, सदाफुलीतल्या कॅन्सरच्या औषधाचा आणि ई जीवनसत्त्वाच्या एन्झाइमचा संबंध आहे. खरं का? (निवृत्त गृहस्थ, रत्नागिरी)

नात बरोबर सांगते. सदाफुलीत विन्डोलिन नावाचं अल्कलॉइड होतं, आणि त्यापासून पुढे विनब्लास्टिन, म्हणजे ते कॅन्सरचं औषध. विन्डोलिन बनताना एका टप्प्यावर नायट्रोजनवर मेथिल लावावा लागतो. ते काम करणारा एन्झाइम २०१०मध्ये सापडला, आणि त्याची घडण पाहून शोधणारेही चक्रावले असतील: तो व्हीटीई-४च्या घराण्यातला निघाला. कधीतरी त्या जनुकाची जास्तीची प्रत झाली असावी. एक प्रत हरितलवकात टोकोफेरॉल सांभाळत राहिली, आणि दुसरी बदलत बदलत अल्कलॉइडच्या धंद्यात गेली. कार्बनवर मेथिल लावणारा कारागीर नायट्रोजनवर लावायला शिकला. टोकोफेरॉलला आता तो ओळखतही नाही. सर्पगंधेतही याच घराण्यातले एन्झाइम सापडलेत.

तुम्ही पत्रात खाली लिहिलंय की शेजारी मधुमेहासाठी रोज सदाफुलीची पानं चावतात. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी विनब्लास्टिन शोधलं तेही याच समजुतीचा पाठपुरावा करताना. त्यांच्या उंदरांची साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. शेजाऱ्यांना आजच फोन करा.